सड्याखाली गेलेला बाण

कुसुम, तुझी सायकल अजून पडवीतच उभी आहे आणि परवा मी तिच्या हँडलवर ओलं लुगडं वाळत घातलं. घातलं आणि लगेच काढलंसुद्धा. वाटलं, आतून ओरडशील, "ताई, ती सायकल हाय, दांडी नाय!" इतकी वर्षं हे ओरडणं ऐकलं. परवा ऐकू आलं नाही, तर लुगडं हातात घेऊन मी तशीच उभी. शेवटी कुंपणावर टाकलं.

वसंत भावजी म्हणाले, "वहिनी, मुंबईच्या मंडळाच्या अंकात कुसुमबद्दल द्यायचंय. तुम्हीच लिहा." काय लिहू, विचारलं तर म्हणाले, जन्म कधीचा, कुठली लेक, लग्न कधी झालं, मुलं किती. मी म्हटलं, भावजी, ते सगळं रेशनकार्डावर आहे, बघून घ्या. तुमच्या बायकोबद्दल मी लिहिणार नाही. मी माझ्या जावेशी बोलणार आहे, मंडळाला पाहिजे तर छापू दे.

मला शाळेचं शिक्षण नाही, वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून सोडवून वाचायला शिकले, हे तुला माहीत आहे. तेव्हा कुठं काना-मात्रा चुकली तर हसू नकोस. एक उत्तर तुला द्यायचं राहिलंय, तेवढ्यासाठी बसलेय.

गेल्या महिन्यात तू तीनदा विचारलंस. उशीला टेकून, ओठ सुकलेले, आवाज पार खोल गेलेला, तरी डोळ्यांत तेच जुनं हसू. "ताई, आता तरी सांग. तो बाण मुद्दाम पुसलास का चुकून?" आणि तिन्ही वेळा मी म्हटलं, "पाणी पी आधी." तू पाणी प्यालीस. मी पेला घेऊन आत गेले. त्या पेल्याचा राग येतो आता मला.

बाण कसला ते मंडळाच्या नव्या पोरांना ठाऊक नसेल, म्हणून पहिल्यापासून सांगते. तू मधेमधे बोलू नकोस.

सायकल भावजींनी एका शिमग्याला आणली, जुनी, काळी, गड्यांची, मधे दांडा असलेली. मुंबईहून रजेवर आलं की महाडला जायला बरी. पण रजा वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला. बाकीचे दिवस ती पडवीत कोंबड्यांच्या बसायला. तेव्हा आपल्याकडं तीन म्हशी होत्या. सवला गरम पाण्याच्या कुंडांवर बारा महिने माणसं येतात, तिथल्या हॉटेलाला आपलं दूध जायचं. मी डोक्यावरून न्यायचे. मग माझे गुडघे धरले आणि ते काम तुझ्याकडं आलं. आणि एका सकाळी बघते तर तू हँडलच्या दोन्ही बाजूंना दोन किटल्या अडकवल्यास, साडीचा कासोटा मारलास आणि दांड्यावरून पाय टाकून निघालीस. माहेरी म्हणे बापाच्या सायकलीवर दांड्याखालून पाय घालून शिकली होतीस. लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं हे!

मी महिनाभर भांडले. "लोक काय म्हणतील गो?"

"लोक दूध पितील, ताई."

असली उत्तरं. समोरच्याला पुढं बोलायला जागाच ठेवायची नाहीस. घरात सासू नव्हती. थोरली मी. गावात काही बोललं गेलं तर माझ्या नावानं बोललं जाणार, म्हणून मी धास्तावलेली असायचे. तू त्याला माझा हट्ट म्हणायचीस. हट्ट होताच. पण खाली भीतीच होती.

मग त्या वर्षीचा हिवाळा. भात झोडून घरात आलेलं, पेंढ्याच्या उडव्या रचून झालेल्या, खाचरांतून वाल शेंगांना आलेला. एका संध्याकाळी आपल्या तुडीलच्या शाळेत मुंबईच्या बावीस सायकली येऊन उतरल्या. किनाऱ्याकिनाऱ्यानं, मंडणगडाच्या बाजूनं आले होते, सव, महाड, पोलादपूर करत पुढं आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला जायचे होते. बरोबर एक टेम्पो. त्यात अंथरुणं, भांडी, शिधा, ट्यूबा, टायर. अर्धं गाव बघायला लोटलं. नातवंडं असतील अशा वयाची माणसं अर्ध्या चड्ड्या घालून हातपंपावर पाय धूत होती. त्यांचे म्होरके एक सर होते, गळ्यात शिट्टी. टेम्पोच्या डायव्हरला सगळे मामा म्हणायचे. आणि त्यांचा एक नियम होता. ज्याला सायकल झेपणार नाही त्यानं टेम्पोत बसावं, कुणी हसणार नाही. पण टेम्पोत बसला तो मामाचा भाचा, आणि जेवणाची भांडी भाच्यांनी घासायची.

तू दूध द्यायला गेलीस ती तिथंच रमलीस. सरांची सायकल एका हातानं उचललीस. "अगो बाय, हिला वजनच नाय!" सर म्हणाले, चालवून बघा. तू शाळेच्या मैदानात चक्क दोन फेऱ्या मारल्यास. सगळं गाव बघत होतं. मी पण बघत होते, पदर दातात धरून. सर म्हणाले, "ताई, उद्या आमच्याबरोबर पोलादपूरपर्यंत चला. दुपारी आमच्यात जेवा. संध्याकाळच्या एसटीनं परत या, सायकल टपावर टाका."

घरी येऊन चुलीपाशी तू मला हे सांगितलंस. तोंडावर असा उजेड होता की मला आधी हो म्हणावंसं वाटलं, खरं सांगते. आणि मी काय म्हटलं ते तू जन्मात कुणाला सांगितलं नाहीस, आज मीच सांगते. मी म्हटलं, "त्या अर्ध्या चड्डीवाल्यांबरोबर गेलीस, तर परत माझ्या चुलीला हात लावायचा नाय."

ओटीवर हे बसले होते. ते नुसते खोकले.

तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. दोन्ही किटल्या राखेनं घासल्यास, पालथ्या घातल्यास आणि ताटं घेतलीस.

आता दुसरा दिवस.

त्या लोकांची एक रीत होती, ती मला कुणी सांगितली नव्हती. मामा उजाडायच्या आधी टेम्पो घेऊन पुढं निघायचा, आणि जिथं जिथं रस्ता फुटेल तिथं पांढऱ्या रांगोळीनं जमिनीवर बाण काढून ठेवायचा. पुढं चहा-नाश्त्याचा थांबा असला तर बाणाशेजारी गेरूनं लाल गोल. मागून येणाऱ्या सायकली बाण बघून वळायच्या. आणि आपलं घर कुठं? बरोबर तिठ्यावर. उजवीकडचा रस्ता आपल्या अंगणाला लागून सवला, पुढं महाडला. डावीकडचा, दिसायला तोच मोठा, खाली खाचरांतून नदीकडं, आणि तिथं संपतो. जुना होडीचा धक्का, मग सावित्रीचं पाणी.

मी रोजच्यासारखी झुंजूमुंजू असताना केरसुणी आणि शेणपाण्याची बादली घेऊन बाहेर आले. बघते तर तिठ्यावर पांढरी जाडजूड रेघ. तिचं टोक आपल्या अंगणाकडं. आणि बाजूला लाल गोल.

कुसुम, तिठ्यावर माणसं काय काय आणून ठेवतात ते तू पण बघितलंयस. भात, लिंबू, हळदकुंकू. मी बाण बघितलाच नाही. मी पांढरं बघितलं, तांबडं बघितलं आणि आपल्या दाराकडं वळलेलं टोक बघितलं.

ती मी गो! त्याच पावसाळ्यात तुझ्या धाकट्याला ताप भरला, तेव्हा भगताला दारातून परत पाठवणारी मी. "पोराला महाडला डॉक्टरकडं न्या, लिंबं कापून ताप जात नाय," असं चारचौघांत बोलणारी मी. तीच मी हातात केरसुणी घेऊन त्या रेघेपासून चार पावलं मागं सरले. आणि डोक्यात एकच. काल सगळ्या गावानं कुसुमला मैदानात फिरताना बघितलं. कुणाच्या तरी डोळ्यांत सलली. हे कुसुमवर केलंय.

भावकीतली घरं एकेक करून मनात मोजली. कुणाकुणाचा संशय घेतला ते लिहीत नाही, त्यातली दोघं तुला खांदा द्यायला होती.

अख्खी बादली ओतली त्यावर. झाडलं. दुसरी बादली आणली, परत ओतली. वर गोमूत्र शिंपडलं. सडा असा दाट घातला की एक पांढरा कण दिसेना. कुणाला बोलले नाही, बोललं की वाढतं अशी आपली समजूत. तू किटल्या अडकवून निघालीस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडं बघत होते. तू मात्र माझ्याकडं बघितलं नाहीस, आदल्या दिवसाचा राग होता. ओल्या सड्याच्या कडेनं सायकल काढलीस आणि सवच्या रस्त्याला लागलीस.

हे उत्तर आहे, कुसुम. मुद्दाम पण नाही आणि चुकून पण नाही. मला वाटलं, मी तुला वाचवतेय.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला सांगायचंय. तुझ्याच तोंडून ते इतकं ऐकलंय की आता कुणी सांगणार नाही म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

मी गोठ्यात धार काढत असताना शिट्टी ऐकली. घंट्या वाजत गेल्या. म्हटलं, गेले एकदाचे. तिकडं सवला तू हॉटेलात एक किटली रिकामी केलीस. टेम्पो कुंडांपाशी उभा, मामानं पातेलंभर पोहे करून ठेवलेले, आणि सायकलींचा पत्ता नाही. त्यांनी आधी गरम पाण्यात पाय सोडायचे, मग पोहे खायचे, असा बेत होता. मामा म्हणाला, "ताई, तुमच्या तिठ्यावर तर हा एवढा बाण काढलाय. लाल गोल पण केलाय." तेव्हा मोबाइल कुठले? तू दुसरी किटली तशीच भरलेली हँडलला ठेवून सायकल उलटी फिरवलीस.

अंगणात येऊन उतरलीस. आधी जमिनीकडं बघितलंस. माझ्या दाट, ओल्या सड्यावरून बावीस बारीक रेघा डावीकडं गेलेल्या. मग माझ्याकडं बघितलंस. मी पण त्या रेघा तेव्हाच पहिल्यांदा बघितल्या, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाण! देवा, तो बाण होता!

"ताई, इथं बाण होता?"

आणि मी म्हटलं, "पाणी पितेस?"

बघ, तेव्हापासूनचं आहे ते पाणी.

"पाणी नको. मी जाते," म्हणालीस, आणि किटलीसकट डावीकडं वळलीस. चुलीचं, माझ्या त्या बोलण्याचं तुझ्या मनातही आलं नसेल. माझ्या आलं. तेवढ्यात मागून टेम्पो आला. मी हात आडवा केला. "मामा, मला घ्या." कशाला चढले? तुला ओढून घरी आणायला, असं तेव्हा मनाशी म्हटलं. पायात चपला नव्हत्या, म्हैस अर्धी पिळून ठेवलेली. पोह्याच्या पातेल्याशेजारी जाऊन बसले.

डावीकडच्या रस्त्यानं टेम्पो ओढ्यावरच्या मोरीपर्यंतच जातो. मोरीवरून खाली सगळं दिसत होतं. नदीच्या काठाला बावीस सायकली आडव्या पडलेल्या, माणसं वालाच्या खाचरात शिरून शेंगा तोडून खात होती, आणि बांधावर तात्या, ज्यांचं ते खाचर, काठी आपटत उभे. "वाल काय रस्त्यावर पडलाय काय रे तुमच्यासाठी? कोण तुम्ही? कुठले?" आणि मधे तू, एका हातात सायकल, एका हातात किटली.

"तात्या, सोडा हो. शहरातली हायत. वाल त्यांनी वाटीत बघितलाय, वेलीवर नाय."

"मग मी काय करू, वाटी आणू?"

"नको. वाट द्या तुमच्या खाचरातून. ह्यांना सवच्या रस्त्याला काढते."

तात्या हसले. तात्यांना हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. परत मागं यायचं तर लांबचा फेरा. तू सगळ्यांना सरळ शेतातून काढलंस. कापलेल्या भाताच्या खाचरातून सायकल ढकलायची, बांध आला की उचलायची, परत ढकलायची. मामा आणि मी टेम्पोनं वळसा घालून सवच्या रस्त्यावर जाऊन थांबलो. आणि तिथून मी बघितलं. सगळ्यात पुढं तू. किटली डोक्यावर, सायकल खांद्याला टेकवलेली, पाय चिखलानं आणि धसकटांनी ओरबाडलेले. मागं मुंगळ्यांसारखी बावीस माणसं, साहेबाच्या हापिसातली, तुझ्या पावलात पाऊल टाकत. तू बांधावर उभी राहून म्हणत होतीस, "इथं पाय नको, इथं घसरतं. हां, इथनं या."

तू रस्त्यावर आलीस तेव्हा मी टेम्पोतून उतरले. सर म्हणाले, "वहिनी, ह्या आल्या नसत्या तर आम्ही अजून शेंगाच खात बसलो असतो. आता पोलादपूरपर्यंत ह्याच पुढं राहतील, तुमची परवानगी असेल तर."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तू सोडून. तू किटलीचं झाकण घट्ट करत होतीस, उगाच, ते घट्टच होतं. मी तोंड उघडलं. चल घरी, एवढंच म्हणायचं होतं. आणि बाहेर पडलं, "किटली हिंदकळेल. बेतानं चालव."

तू मान वर केलीस. तुझ्या तोंडावर आदल्या संध्याकाळचा तो उजेड परत आला, आणि तो मी परत आणला याचा मला जो आनंद झाला ना कुसुम, तो माझ्या दोन्ही बाळंतपणांनंतरचा तिसरा.

मग काय विचारता! सवला पोहे खाल्ले, पण कुंडांत पाय सोडायला तू कुणाला दिले नाहीस. "पाय मऊ पडले की चढ नाय चढत," म्हणालीस. ते तू मनचंच ठोकून दिलेलंस, मला माहीत आहे. महाड आलं. बाजारातून जाताना तुझ्या माहेरच्या ओळखीची माणसं दुकानाच्या पायऱ्या उतरून बघत राहिली. पुढं मुंबई-गोव्याचा हमरस्ता. ट्रक असे अंगावरून जायचे की टेम्पोत बसून मी डोळे मिटायचे. उघडले की तू दिसायचीस, पांढऱ्या पट्टीला धरून, किटली डाव्या हाताला डुलतेय. दोन्ही बाजूंना शेतं, वाल, हरभऱ्याचे हिरवे तुकडे, शेतातली माणसं काम थांबवून बघतायत. एका बाईनं विळा वर करून हलवला. तू घंटी वाजवलीस.

ऊन चढलं. पोलादपूर जवळ आलं तसा चढ लागला. एक गडी टेम्पोत आला, मग दुसरा, मग एक दाढीवाले काका. गियरच्या सायकली होत्या त्यांच्या! तीन भाचे माझ्या शेजारी बसून धापा टाकत होते. सरांनी तुला म्हटलं, "ताई, किटली तरी टेम्पोत द्या."

"दूध मी कुणाच्या हातात देत नाय."

आणि सीटवरून उठलीस. पायडलवर उभी. साडी घामानं पाठीला चिकटलेली, एक चपल सारखी निसटतेय, ती तू पायाच्या बोटांनी धरून ठेवलेली. सायकल या बाजूला, त्या बाजूला. मला वाटलं, आता उतरेल. आता उतरेल. नाही उतरलीस. तेवढ्यात एसटी बाजूनं गेली, कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं. "ओ बाई, कुठं निघालात?"

"पोलादपूरला! उतरा, मागं बसा!"

अख्खी एसटी हसली. आणि मला काय झालं माहीत नाही, मी टेम्पोच्या फळीवर हाताची बडवाबडवी सुरू केली. "चल गो कुसुम! चल गो बाय! चल!" भाचे ओरडायला लागले, मामानं हॉर्न दाबून धरला. आयुष्यात मी रस्त्यावर ओरडले ती तेव्हाच. लोक काय म्हणतील हे आठवलंच नाही, आठवलं ते घरी आल्यावर.

तू चढाच्या माथ्यावर पोचलीस. उतरली नाहीस, थांबली नाहीस, मागं वळून एकदा बघितलंस फक्त. मला बघितलंस.

पोलादपुरात शाळेच्या आवारात सगळे टाळ्या वाजवत होते. सरांनी शिट्टी एवढी लांब वाजवली की शाळेतली मुलं सुटी झाली समजून बाहेर आली. तू सायकल भिंतीला टेकवलीस आणि म्हणालीस, "आधी किटली उघडा." उघडली तर झाकणाला आणि काठाला लोण्याचे गोळे. वाटेत दूध घुसळून निघालेलं! ते लोणी तू बोटानं काढून पहिलं माझ्या हातावर ठेवलंस. उरलेल्या दुधाचा चहा झाला, पंचवीस माणसांचा.

जेवणं झाल्यावर सर म्हणाले, भाच्यांनो, भांडी. तिघं उठले. मी बसून राहिले. तू एका दगडावर पाय पसरून बसली होतीस, तोंडात जिलबी. म्हणालीस, "आणि ताई?"

"अहो, त्या पाहुण्या आहेत," सर म्हणाले.

"नियम म्हंजे नियम, सर. ताई टेम्पोतनं आली."

काय हसले सगळे! आणि मी पदर खोचून बसले. पोह्याचं करपलेलं पातेलं मी घासलं, कुसुम. तू दगडावर बसून खातेयस आणि मी तुझ्यासमोर भांडी घासतेय, असं घरात कधी झालं नव्हतं. त्या पातेल्यात माझं तोंड दिसेपर्यंत घासलं. मामा म्हणाला, वहिनी, इतकं चकचकीत ते घेतलं तेव्हा पण नव्हतं.

संध्याकाळी एसटीनं परत आलो, सायकल टपावर. पाय धुऊन तू चुलीच्या दारात उभी राहिलीस. आत आली नाहीस. "ताई, चुलीला हात लावू?"

मी म्हटलं, "भाकऱ्या कर आधी. मग बोलू."

ते बोलायचं राहिलं ते राहिलंच. कारण दुसऱ्या दिवसापासून तू गावभर सांगत सुटलीस, "ताईनं बाण मुद्दाम पुसला. तोंडानं हो म्हणवेना, म्हणून मला जायला वाट काढून दिली." बायका माझ्याकडं आदरानं बघायला लागल्या. हे सुद्धा एकदा म्हणाले, "चांगलं केलंस." आता ह्या सगळ्यांना कसं सांगू की मी करणी समजून गोमूत्र शिंपडलं? लाज वाटली. खोटं बोलले नाही, फक्त तू मोठ्यापणाचा हार घातलास तो काढून ठेवला नाही. तुला मात्र संशय होता. म्हणून तर विचारत राहायचीस. माझी थट्टा करायला विचारतेस असं मला वाटायचं. शेवटच्या महिन्यात कळलं, तुला खरंच हवं होतं उत्तर.

ते लोक पुढंही दोन हिवाळे आले. मामा तिठ्यावर बाण काढायच्या आधी दारात येऊन हाक मारायचा, "वहिनी, बाण काढतोय हां. ह्याच्यावर शेण नको!" आणि तू पोलादपूरपर्यंत जायचीस. मी टेम्पोतून. भांडी मी.

पण तू करून ठेवलंस ते एवढंच नाही. पाठीमागं कॅरिअर धरून पळत तू किती पोरींना सायकल शिकवलीस, ते मोजायला मी बसले नाही. माझी मंदा शिकली, आणि आता मंदाची सायली. मला पण बसवलं होतंस एकदा. मी तात्यांच्या वालात जाऊन पडले. "ताई, तू टेम्पोतच बरी," म्हणालीस. ते भांडण पण अर्धवटच आहे. अजून एक संधी द्यायला हवी होतीस.

त्या दिवशी तुला नेलं. आपल्याकडं बायका तिठ्यापर्यंतच जातात. मी तिथं उभी राहिले आणि सगळे तुला घेऊन डावीकडं वळले, नदीकडं. माझ्या तोंडातून निघालंच होतं, अरे, तिकडं नको, तिकडं रस्ता संपतो, कुसुमला उजवीकडचा ठाऊक आहे. मंदानं मला धरलं. तिला वाटलं, मी रडतेय. मी तुला हाक मारत होते. तू त्या बावीस जणांना तिथून परत आणलं होतंस, तुला आणायला मी कुणाला पाठवू?

आज पहाटे केरसुणी आणि बादली घेऊन बाहेर आले. तिठा झाडला, सडा घातला. मग डब्यातून पांढरी रांगोळी घेतली आणि उजव्या रस्त्याला बाण काढला, मामासारखा, जाडजूड. गेरू शोधून शेजारी लाल गोल केला. पुढं थांबा आहे, चहा आहे, माणसं वाट बघतायत.

भावजींनी काल तुझ्या सायकलीत हवा भरली होती. सायली शाळेचं दप्तर पाठीला लावून आली आणि विचारलं, "आजी, नेऊ?" पाय जेमतेम टेकतात तिचे. मी म्हटलं, "ने." ती अंगणातून निघाली, बाण बघितला, मला म्हणाली, "हे काय गो?" मी म्हटलं, "पोलादपूर तिकडं हाय." हसली, तुझ्यासारखी घंटी वाजवली आणि उजवीकडं वळली.

ओल्या सड्यावर तुझ्या चाकांची रेघ उमटलीय. दुपार झाली, अंगणात केर पडलाय, केरसुणी दाराशीच आहे. पण ती रेघ मी झाडलेली नाही, कुसुम. मुद्दाम.